सहावा प्रश्न

मूळ वाक्य परक्या भाषेतलं, कडक इस्त्रीचं:
गेल्या सहा महिन्यांत मला माझ्या आरोग्याची चिंता वाटली.
खाली चार चौकटी.
कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, सतत.

मी आणि कच्छवे सरांनी ते वेगवेगळं उतरवलं
आणि मग भांडलो, वसमतला, मोंढ्यामागच्या टपरीवर,
एका शब्दासाठी तीन-तीन चहा.
सर म्हणाले, आरोग्य हे खात्याचं नाव आहे,
भिंतीवर रंगवलेलं असतं.
माणसाला तब्येत असते.
आणि चिंता? ती पुस्तकात.
काळजी लेकराची, भीती सापाची,
धसका एकदाच बसतो.
हे तर रोज येऊन बसणारं काहीतरी आहे,
न बोलावता, उंबऱ्याच्या आत.

हळद निवडणाऱ्या बायांना वाचून दाखवलं.
पिवळ्या धुळीत शिंका देत.
सोजरबाई पडोळे. वय ठाऊक नाही, पन्नास लिहा म्हणाली.
विचारलं, या वाक्यातून तुम्हाला काय कळलं?
‘कुणाला तरी लई टाइम हाय.’
बाया हसल्या. मी तेही लिहून घेतलं.

मग हसणं निवल्यावर, हात न थांबवता:
‘जिवाला घोर म्हणा की.
माझा भाऊ काविळीनं गेला, आठ दिसात.
तवापासून मी नखं बघते.
पर ह्या कामात सगळ्यायचीच नखं पिवळी.
हंगाम सरून हात उजळले की मग कळतं,
आवंदा बी न्हाई.
तवर घोर.’

कच्छवे सरांनी तो शब्द
बोटानं हवेत लिहिला, फळ्यावर लिहावा तसा.

उलटं भाषांतर नांदेडच्या एका बाईंनी केलं,
मूळ न बघता, नियमाप्रमाणे.
त्यांच्याकडून घोर परत आला
तेव्हा त्याचा ‘भयंकर’ झाला होता.
पुन्हा चहा.

तीनशे बारा माणसं झाली.
कागदांवर जागोजाग हळदीची बोटं.
आकडे भरणारी पोरगी विचारायची,
सर, हा डाग कोणत्या चौकटीत धरू?

पुण्याहून निरोप आला,
सहावा प्रश्न बाकीच्यांशी जुळत नाही,
काढून टाका, अल्फा सुधारेल.
मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही.

पंधरा दिवसांनी तेच प्रश्न, त्याच माणसांना.
माप स्थिर आहे का ते बघायला.
सोजरबाईचं मागचं उत्तर होतं ‘कधीकधी’.
आता म्हणाली, सततवर करा खूण.
मधे काय झालं? ताप? उलट्या?
‘काय न्हाई. तुमी इचारलं ना.
पैले कामात याद न्हाय यायची.
आता हळकुंड उचललं की आधी नखच दिसायलंय.’

फॉर्मच्या तळाशी ‘शेरा’ असतो, बोटभर ओळ.
तिच्यात मावेल असं मला काही सुचलं नाही.
तिला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त दिलं.
दोन दिवसांनी रिपोर्ट आला, साफ.
तिनं तो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला,
चार घड्या घालून चंचीत सुपारीशेजारी ठेवला.
‘हे झालं परवाचं,’ म्हणाली.

सहावा प्रश्न मी ठेवला आहे. अल्फा जरा कमीच.
काल शेवटचा गठ्ठा बांधला,
हात धुतले साबणानं, दोनदा,
आणि ट्यूबलाइटखाली धरले.
बायको म्हणाली, काय बघताय?
म्हटलं, काही नाही.