बावन्न पौंड

माझं काम तार ओढायचं.
आजा मिरजेत तंबोऱ्याला ओढायचा,
मी राजारामपुरीत, जिन्याखालच्या गाळ्यात,
रॅकेटला ओढतो.
त्याला सूर लागायचा, मला पौंड.
कान तोच.

इंगवल्यांची सोयरा जानेवारीत
सात रॅकेटी टाकून गेली.
"मुबारकमामा, सगळ्या बावन्नवर.
आधी सोलापूर, तिथनं पुढं लांब."
लांब म्हणजे कुठं, मी विचारत नाही.
परत आलेली रॅकेट सांगते.

फेब्रुवारीत मुठीवर मिठाचा पांढरा थर.
म्हणजे समुद्र जवळ, आणि सामना तीन तासांचा.
मार्चमध्ये दोन तारा तुटलेल्या, दोन्ही मधल्याच.
म्हणजे बॉल बरोबर बसत होता.
तरी पहिल्याच फेरीत घरी.
एप्रिलमध्ये खाचेत लाल माती.
बोटावर घेऊन चोळली.
आमच्या तालमीतली माती ताक पिते, तेल पिते,
हळद-लिंबू खाऊन मऊ होते.
ही नुसती विटेची पूड, उपाशी.
हिच्यावर पडलं तर सोलून निघत असणार.
सोयराचा गुडघा पाहिला. बोललो नाही.

गल्लीत विचारतात, "काय, मारली का पोरीनं?"
कुस्तीत पाठ लागते,
हलगी थांबते, सगळ्या मैदानाला कळतं.
टेनिसात पाठ लागत नाही.
हरलेलं माणूस उभंच असतं,
हात मिळवतं, पिशवी खांद्याला लावतं
आणि रात्रीच्या गाडीला जागा आहे का बघतं.
हे गंगावेशीत दुधाचा पेला धरून बसलेल्यांना
कसं सांगायचं?

जूनमध्ये एकदा जिंकली. अख्खा आठवडा.
कप त्या दुधाच्या पेल्याएवढाच,
पण बापानं शिरोलीच्या फाउंड्रीत जिलेबी वाटली.
भट्टीवाल्यानं विचारलं, "पैसं किती मिळालं?"
बापानं आकडा सांगितला.
भट्टीवाला जिलेबी चावता चावता थांबला.
"मग विमानाचं भाडं कुणी दिलं?"

ऑगस्टात रात्री दीडला फोन.
"मामा, इथला माणूस म्हणतोय बावन्न,
पण आवाज बावन्नचा नाही."
"जवळ धर."
तिनं तळहातावर जाळी आपटली.
कुठल्या देशातनं, कोण जाणे,
माझ्या खाटेपर्यंत एक ठण आलं.
"अठ्ठेचाळीस. फसवलंय लेकाच्यानं."
ती हसली. खूप दिवसांनी हसल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी हरली.
"अठ्ठेचाळीसमुळं नव्हे हां मामा,"
एवढंच लिहून पाठवलं.

सप्टेंबरात एकच रॅकेट आली, कुरिअरनं.
तारा नव्याच्या नव्या.
ऑक्टोबरात काहीच नाही.

डिसेंबरात स्वतः आली.
रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या,
मागं लोंबकळत पोरं कांडी उपसत होती.
कारखान्यांचा हंगाम नुकता सुरू झालेला.
तिनं सातही रॅकेटी टेबलावर आडव्या केल्या.
"कापा."

जाळी कापायची तर मधनं सुरुवात करायची.
कडेनं कापत गेलं की उरलेला ताण
एकीकडं ओढतो, चौकट वाकते.
मला हे कुणी शिकवलं नाही,
एका गिऱ्हाइकाची रॅकेट वाया घालवून शिकलो.
कात्री लावली. प्रत्येकीनं वेगळा आवाज काढला.
शेवटची जरा उशिरा सुटली.

मग त्यांच्यातनं पलीकडचं दिसायला लागलं:
जिना, कुणाच्या तरी चपला,
तिच्या उजव्या खांद्याची पट्टी.

"किती ओढू?"
बराच वेळ नुसती बघत राहिली.
मग एक उचलली.
"ही. एक्कावन्न."
"आणि बाकीच्या?"
"राहू द्यात खिळ्याला."

मी यंत्राला तार लावली.
तिनं पाकीट काढलं, पैसे पुढं केले.
मी मोजून घेतले, सुटे परत दिले.
घेतले नसते
तर तिला कळलं असतं
मला काय वाटतंय ते.