गळ्यातला बेडूक

नेरूळच्या दवाखान्यात, लिफ्टच्या मागे माझी खोली.
पडदा, पलंग, जेलची बाटली.
हातापायांना चिमटे, छातीला सहा वाट्या,
बोलू नका, हलू नका.
दिवसाला चाळीस वेळा म्हणते हे
आणि चाळीस वेळा कुणीतरी बोलतंच.

चांगुणा मढवी, वय एक्केचाळीस, करावे गाव.
पहिल्यांदा आली तेव्हा हातांना कोळंबीचा वास होता
आणि त्याबद्दल तिने आधीच माफी मागून ठेवली होती.
म्हणाली, "ताय, माझे गल्यान बेडूक नाचतंय."
मी हसले. हे लिहायला नको, पण हसले.
कागद निघाला सरळ, शहाण्या मुलीच्या वहीसारखा.
वरच्या कोपऱ्यात मशीनने छापलं: नॉर्मल.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.
मग चोवीस तासांचं यंत्र कमरेला बांधून पाठवलं,
सोबत डायरी, काय करताना काय झालं ते लिहायला.
तिला लिहिता येत नाही, मुलाने लिहिलं:
साडेपाच, टोपली. सात, बाजार.
अकरा, भांडण, छोटं.
आणि शेवटी, पेन जरा जोरात दाबून:
आज आला नाही.
एक लाख तीन हजार ठोके मोजले यंत्राने.
एकही वेडा नव्हता.

बावीस वर्षं हे असं.
सासू म्हणायची, कामाच्या वेळीच बरं होतं हिला.
भगताने दोरा बांधला, गल्लीतल्या डॉक्टरने झोपेची गोळी दिली,
आणि सगळ्यांनी मिळून एक नाव दिलं: घाबरट.

काझी मॅडम नव्या होत्या.
त्यांनी कागद बाजूला सारले आणि विचारलं,
"थांबतं कसं? पंख्यासारखं, हळूहळू?"
"नाय. होरीचं इंजिन बंद केल्यावानी. खटकन."
"टेबलावर वाजवून दाखवा."
चांगुणाने एका बोटाने वाजवलं,
न चुकता, एकसारखं, इतकं जलद
की ट्रेमधला माझा पेन थरथरला.
मॅडम म्हणाल्या, बेडूक खरा आहे.
चांगुणा रडली नाही. तिने पदर नीट केला.

मग एका मंगळवारी बर्फाची पाटी उचलायला वाकली
आणि सुरू झालं. रिक्षातून थेट माझ्या पलंगावर, अनवाणी.
एकशे ब्याण्णव.
मानेच्या दोन्ही बाजूंना तो उडत होता,
मी डोळ्यांनी पाहिला.
सिरिंजमध्ये फुंकायला लावलं, पाय वर धरले, ऐकेना.
शेवटी इंजेक्शन. मॅडम म्हणाल्या, क्षणभर फार वाईट वाटेल,
आणि त्या खोटं बोलल्या नाहीत.
कागदावर रेघ. नुसती रेघ.
चार सेकंद. माझ्या खोलीतून
इतका लांब कागद कधी कोरा गेला नव्हता.
मग एक ठोका.
मग, जरा विचार करून, दुसरा.

पुढे मोठ्या इस्पितळात मांडीतून तारा घातल्या.
आत दोन वाटा निघाल्या, एक घाईची, एक सावकाश,
ठोका एकीने जायचा, दुसरीने परत यायचा,
भोवऱ्यात सापडलेल्या फळकुटासारखा गोल गोल.
सावकाश वाटेवर तांदळाच्या दाण्याएवढा चटका दिला.
बावीस वर्षं,
आणि तांदळाचा दाणा.

परवा आली शेवटच्या तपासणीला. नॉर्मल.
त्या कागदाकडे तिने बघितलंही नाही.
"तो दे. त्या दिसचा."
सासू गेली त्याला चार वर्षं झाली. भगतही नाही.
दाखवणार कुणाला, मी विचारलं नाही.

आमचा कागद उष्णतेवर छापतो.
उजेडात राहिला की रेघा फिकट होतात,
दोन-तीन वर्षांत नुसता पांढरा उरतो.
म्हणून रस्ता ओलांडून झेरॉक्सवाल्याकडे गेले.
दोन प्रती काढल्या, चार रुपये.

एक तिने उधारीच्या वहीत ठेवली.
दुसरी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
तिच्या तीन नॉर्मल कागदांच्या वर.