खिळे सरळ करताना

लाकूड ओलं आहे, हे मी आधीच सांगितलं होतं.
पण प्रिंडलच्या ओटच्या शेतात
जानेवारीच्या बर्फातून तेल उसळलं,
मग लाकूड सुकेपर्यंत थांबणार कोण?
सकाळी तोडलेलं हेमलॉक
संध्याकाळी भिंत होऊन उभं राही,
आणि रात्री फळ्यांमधून चीक ठिबके
झोपलेल्यांच्या उशांवर.

एकोणीस हॉटेलं. मी एकट्यानं चारशे दारं बसवली.
एकही धड लागलं नाही.
तक्रार कोणी केली नाही:
एका खाटेवर तिघे, पाळीपाळीनं,
दार लावायला आधी सगळे पाय आत मावायला हवेत.

चिखलाचं सांगायलाच हवं.
काकवीसारखा, घोड्यांच्या पोटापर्यंत.
त्यातून पिंपं ओढून ओढून जनावरांचे केस झडले.
डेनिस मॅकगार्व्हीच्या दोन घोड्या,
शेपटीपासून आयाळीपर्यंत उघड्या,
उंदराच्या पिल्लांसारख्या गुलाबी.
तो त्यांच्या पाठीवर जुनी गोधडी टाकायचा.
थंडीसाठी, म्हणायचा. जूनमध्येसुद्धा.

ओनोरा कीगन कपडे धुवायची.
मी काही धूत नाही, म्हणे,
एका सदऱ्यातलं काळं दुसऱ्यात नेऊन ठेवते.
पेलाभर पाणी दहा सेंटला होतं.
तेल त्याहून स्वस्त,
आणि पिंप आतल्या तेलाहून महाग.

मग नळ आला.
मनगटाएवढा, लोखंडी, टेकडीपलीकडच्या रेल्वेपर्यंत.
गाडीवाल्यांनी दोन रात्री कुदळींनी फोडला,
तिसऱ्या रात्री बंदूकवाले बसले होते.
डेनिसनं घोड्या कातडीवाल्याकडे नेल्या.
त्यानं हात फिरवला आणि मान हलवली:
केसच नाहीत.

चौदा नंबरचं दार मी एकदा काढून दिलं होतं,
ऑर्सन पेटला तेव्हा, त्याला आडवा न्यायला.
कंदील विहिरीच्या फार जवळ नेला त्यानं.
एकोणीस वर्षांचा, बढाईखोर,
माझे सव्वा डॉलर होते त्याच्याकडे.
दुसऱ्या दिवशी दार परत बसवलं.
त्या रात्री त्या खोलीत बोस्टनचा एक वकील झोपला,
सकाळी म्हणाला, जळकट वास येतो.

विहिरी कशा संपल्या ते कोणाला नीट आठवत नाही.
मला आवाज आठवतो.
प्रिंडल नंबर दोनचा पंप
एका गुरुवारी जेवणाच्या वेळी थांबला,
आणि खाणावळीतले सगळे
काटे हवेत धरून बसले,
कुणीतरी चावायचं थांबावं
आणि पुन्हा ऐकू यावं, म्हणून.

पोस्टमास्तर गेला. बँक एका रात्रीत गेली.
प्रिंडलनं सगळं बॅरल अँड सन्सला विकून टाकलं होतं कधीच,
फक्त विहिरींमागची दीड एकर ठेवली होती;
तिथं त्यानं पुन्हा ओट पेरला.
उगवला, पण गायी तोंड लावीनात.

मला परत बोलावलं ते मोडायला.
बारा मैलांवर नवं गाव निघालं होतं,
फळ्या तिथं न्यायच्या होत्या.
हॉटेल गेलं नुसत्या खिडक्यांच्या भावात.
मीच ठोकलेले खिळे मीच उपटले,
दगडावर ठेवून एकेक सरळ केला.
सरळ केलेला खिळा
पहिल्यापेक्षा थोडा आखूडच भासतो,
मोजला तर तेवढाच असतो.

शेवटी चौदा नंबर.
खोलीत कोणी नव्हतं, खाट नव्हती.
काढण्याआधी सवयीनं लोटून पाहिलं,
आणि ते लागलं.
बारीक कट् आवाज करून, चौकटीत बरोब्बर.
दोन वर्षांत लाकूड सुकलं होतं.
मी उघडलं, पुन्हा लावलं.
खाली गाडीवाला हाका मारत होता तरी
अजून तीनदा.

नव्या गावात मुकादमानं दारं मोजून घेतली.
चौकटी तयार होत्या, सकाळीच कापलेल्या,
बोट लावलं तर चिकटत होतं.
मी तोंड उघडलं.
तो म्हणाला, चालेल, ठोक.