शेवटची सहा पानं

कॅम्पातल्या काजूच्या कारखान्यात
मी सातवी पास, म्हणून मला वाचायला बसवलं.
माझ्या वाट्याचे गर बाकीच्या चौदाजणी सोलायच्या,
मूठ मूठ, माझ्या टोपलीत.
शेठची हरकत नव्हती. पुस्तक चालू असलं
की गर तोंडात जात नाहीत, हे त्याला कळलं होतं.

वाचनालयातून आणायचे मी कादंबऱ्या,
रडवणाऱ्या. दुसऱ्या चालायच्या नाहीत.
द्रौपदी गिरप आधीच विचारून घ्यायची,
"ह्याच्यात कोण मरता काय गो?"
मरत असेल तर बरं.
नायिकेला दोघं आवडले की कारखान्यात दोन तट,
डॉक्टरवाल्या भिंतीकडे,
मास्तरवाल्या दाराकडे, वाऱ्याला.
रोझलिन तर एकदा त्या मास्तरासाठी
सायबिणीला मेणबत्ती लावून आली.

शेवंती कुणाच्याच बाजूला नसायची.
काळ्या अंगठ्यानं साल काढत राहायची.
तिच्या हातून गर तुटायचा नाही.

तिचं सगळ्यांना ठाऊक होतं.
बोटीची शेवटची वर्षं ती. बोट लांब, खोल पाण्यात उभी,
माणसं पडावातून जायची.
इनास पडावात चढला, तिची पत्र्याची पेटी चढली,
ती गुडघाभर पाण्यात, वहाणा हातात.
घरी अंथरुणाला खिळलेला बाप, पाठची तीन.
पेटी चार महिन्यांनी परत आली
एका खलाशाच्या हाती, कुलूप न उघडलेली.

मे महिन्यात आणली त्या कादंबरीचं नाव आता आठवत नाही.
मुखपृष्ठावर उडता पदर होता, तो सगळ्यांवरच असायचा.
पुढचं वाचून ठेवायची सवय मला नव्हती.
पान उलटलं तर बंदर.
सहा पानं उरलेली, नायिका धक्क्यावर,
पायाशी पेटी, बोटीचा भोंगा,
आणि चौदाजणींचे हात थांबले.
कुणीच शेवंतीकडे पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

पुस्तकात ती गेली.
स्वच्छ छापलं होतं, तिनं मागे वळून पाहिलं नाही.
मी वाचलं, ती वळली.
डोळे त्यांच्या ओळीवर, तोंडात माझी ओळ,
सहा पानं बसल्या जागी रचली.
तिला घरी आणलं, विहिरीवर पाय धुवायला लावले,
बापाला पेज भरवली,
मग हळूहळू ती सुखात राहिली, असं काहीबाही.
माझा आवाज कापत होता.
त्यांना वाटलं, रडतेय.

द्रौपदी दोन दिवस बोलली नाही.
"शंभर पानां बोटीची वाट बघलंव,
आणि ती परत इली?"

शनिवारी पुस्तक परत करायला गेले.
कुबल मास्तरांनी वही फिरवून पुढे केली.
माझ्या नावाच्या वर तीनदा तेच नाव,
शेवंती बाबल रेडकर.
पहिली तारीख सहा वर्षांपूर्वीची.
पगाराच्या वहीत तर तिचा अंगठा असायचा.
मी उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं.
कोपऱ्यात डाग, टरफलाच्या तेलाचा.
माझा नव्हे. वाचून वाचून
माझेच हात तेवढे स्वच्छ राहिले होते.

सोमवारी ती टोपली घेऊन शेजारी बसली.
बराच वेळ काही नाही. मग, पाकळ्या वेगळ्या काढता काढता,
"बरां वाचलंस. माज्यासाठी वाचलंस, कळला माका."
आणि पंखा दोनदा बंद पडून सुरू झाल्यावर,
"पण ती जाता म्हणानच मी तां पुस्तक न्हेतंय.
कोण तरी जावक व्हया गो."

मी नवीन पुस्तक उघडलं.
भिंतीकडून द्रौपदीनं विचारलं, मरता काय.
माहीत नाही, म्हटलं.
असेल तसं वाचते.