कानाला खडा

कॉड माशाच्या डोक्यात, कानापाशी,
भोपळ्याच्या बीएवढा एक खडा असतो. पांढरा.
मासा जगतो तोवर तोही वाढतो,
उन्हाळ्याचं एक फिकट कडं, हिवाळ्याचं एक गडद.

ऊना किओ एकोणीस वर्षं हेच वाचते आहे.
चिमट्याने खडा काढायचा, मधोमध मोडायचा,
तपकिरी होईस्तो ज्योतीवर धरायचा,
तेलाचा थेंब, आणि मग भिंगाखाली
श्वास रोखून मोजायचं.
सात. पाच. चार. चार. पाच. चार.
नऊ कड्यांचा शेवटचा कधी आला
ते तिला पक्कं आठवतं. त्या दिवशी तिने
सगळ्या मजल्याला हाका मारल्या होत्या,
बारशाला बोलवावं तशा.

तिचे आकडे तक्त्यात जातात,
तक्त्यातून आलेखात. आलेखात एक रेघ
आणि रेघेभोवती करडा पट्टा. म्हणजे,
आम्हाला एवढं अजून माहीत नाही.
पट्टा ऑटावाला जातो.
तिथे दरसाल कुणीतरी
पट्ट्याच्या वरच्या काठावर बोट ठेवतं
आणि त्या बोटाच्या मापाने
इकडे जाळी पाण्यात पडतात.

यंदाची बैठक लँटर्न कोव्हच्या चर्चमागल्या हॉलमध्ये.
ओले बूट, काळा चहा, काकवीचा पाव.
राजधानीहून आलेल्या गृहस्थांनी मसुदा वाचला:
'अंडी घालण्याच्या काळात उपसागराच्या मुखाशी
शक्यतो जाळी टाकू नयेत.'
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
ऊनाने पडद्यावरचा आलेख बंद केला,
पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला
आणि पावाच्या ताटाशेजारी मांडला.

पहिला उठला अँब्रोज टिझर्ड.
चष्मा कपाळावर सारून वाकला.
"खोडासारखं दिसतंय. कापलेल्या."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "काठाकडून तिसरं. एवढं बारीक का गं?"
ती तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला,
भिंगातून डोळा न काढता,
"बर्फ. जून आला तरी खाडीतून हलला नव्हता.
फिलोमीनाला पलीकडे न्यायला
होडी घालता आली नाही आम्हाला."

ऊनाच्या तक्त्यात या वाक्याला रकाना नाही.
तिने ते समासात उतरवून घेतलं.

रांग लागली. पोरंटोरं, बायका, खुर्चीवरून उठवत नव्हते ते म्हातारे.
गृहस्थही आले, टाय खांद्यावर टाकून.
तेही पुष्कळ वेळ वाकून राहिले.

माझ्या भाषेत, पुन्हा असं करणार नाही म्हणायचं
तर म्हणतात, कानाला खडा.
माशाच्या कानात तो जन्मापासून आहे
आणि त्याने काहीच केलेलं नाही.

अँब्रोजने पेन मागितलं.
त्याच्या होडीचे हप्ते अजून फिटायचे आहेत,
हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.
मसुदा स्वतःकडे ओढून
त्याने एकच शब्द खोडला: शक्यतो.

"असं हाताने बदलता येत नाही," गृहस्थ म्हणाले, हळू आवाजात.
"मग कशाने बदलतात?"

चहा गार झाला होता.
गृहस्थांनी कागद घडी न घालता पिशवीत ठेवला.
त्यावरची रेघ शाईची, जराशी वाकडी,
त्या वर्षीच्या कड्याइतकी बारीक.