इशारा पातळी

चौदाजण बघतायत.
त्यातला एक मीच, दुसऱ्या मोबाईलवरनं,
आवाज नीट जातोय का ते बघायला.

उद्यमनगरात, मगदुमांच्या लेथच्या वर
पत्र्याची खोली, सहा कॉम्प्युटर, एक पंखा,
आणि हातात बँडवाल्याकडनं आणलेला माईक.
नमस्कार मंडळी, म्हणालो,
आणि मंडळी कुठायत ते शोधत बसलो.

या गेममध्ये बंदूक नाही. कुणी मरत नाही.
एक नदी, दोघंजण, सात धरणं.
पाणी अडवायचं, तुंबवायचं,
आणि समोरच्याला नको असेल नेमकं तेव्हा सोडायचं.
पहिला तासभर नुसती निळी रेघ वर चढते.
जगात खेळणारे असतील चार हजार,
त्यातले नऊ कोल्हापुरात,
नवातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

प्रायोजक शोधत महिनाभर फिरलो.
मोबाईलवाला म्हणाला, गोळीबाराचा घ्या की एखादा.
क्लासवाल्यानं सरळ विचारलं, किती लोक बघतात?
वाढतायत, म्हटलं.
खोटं नव्हतं. मागल्या खेपेला अकरा होते.

तर फायनल.
तौफिक शिकलगार भराभर धरणं भरतोय.
गिरिजा चौगुले, शिरोळहून पहिल्या एसटीनं आलेली,
काहीच करत नाही.
चाळीस मिनिटं काहीच करत नाही,
आणि मला त्या काहीच-नाहीवर बोलायचंय.
चौदाचे बारा झाले.

तेवढ्यात सर्जेरावमामा आले, खालच्या लेथवरचे.
रोज आमच्या पंख्याखाली डबा खातात.
घास चावत पडद्याकडं बघत राहिले.
"किती फूट?"
कुणाला कळेना.
"आरं, पाणी किती फूट हाय?"
अडतीस.
"आणि वरचं धरण?"
भरलंय, मामा.
मामांनी डबा झाकला.
"मग पोरीनं खालचं मोकळं ठेवलंय ते उगंच न्हवं.
ह्यो सोडणार न्हाई म्हणतोय,
पर दार आपसूक उघडतंय. बघच तू."

ज्या गावात जुलैमध्ये
दूधवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे
राधानगरीची किती दारं उघडली ते मोजतात,
एकोणचाळीस म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे सामान माळ्यावर,
त्या गावात मी महिनाभर
नियम समजावत हिंडत होतो.

माईक मामांच्या हातात दिला.
पहिलं दार. दुसरं. तिसरं.
"त्रेचाळीस! म्हसरं सोडा रं, म्हसरं!"
हाताला ऑईल लागलेली पोरं
जिन्यात उभी, एकाच्या मुठीत अर्धा आटे पाडलेला बोल्ट,
आणि तौफिकचं सगळं साठवलेलं पाणी
गिरिजाच्या रिकाम्या धरणात, थेंब न सांडता.

एकतीसजण बघत होते शेवटी.
एकतीस म्हणजे काही नाही, कळतं मला.
गेम बनवणारे तिघंच, कुठल्याशा थंड गावात,
सर्व्हर पुढल्या वर्षी चालेल का त्यांनाच ठाऊक नाही.
अकराशे रुपये, वर मगदुमांनी लेथवर वळवलेली पितळी चकती.
गिरिजानं ती थालीपिठाच्या डब्यात टाकली आणि स्टँड गाठला.
मामा जाताना जिन्यात थांबले.
"एकोणीस सालाला आमच्यात छातीएवढं होतं," म्हणाले,
आणि पुढं काहीच बोलले नाहीत.

माईकची वायर गुंडाळली, पंखा बंद केला.
पडद्यावर अजून एकजण बघत होता.
माझा दुसरा मोबाईल
केव्हाच बंद पडून खिशात होता.