गाठ, आतल्या बाजूला

अलंगला मोडलेल्या कुठल्याशा जहाजाचं
कपाटाचं दार.
भावनगरहून टेम्पोत आलं, गाद्यांच्या खाली दबून.
पाणीगेटला दुकानात ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली
तर रंग सुटला, मग सरस,
मग पापुद्रा.
अक्रोड. तोही गाठीचा.

गाठीच्या लाकडाला वाट नसते.
साग सांगतो, असा ये.
शिसवी कुरकुरतं, पण सांगतं.
हे सांगतच नाही.
रंधा इकडून घातला की तिकडचे रेषे उपटून येतात,
तिकडून घातला की इकडचे.
म्हणून रंधा खुंटीला.
हातात पोलादी पत्रा, आणि धीर,
दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तसं.

खाली डोळेच डोळे.
फुटायला निघालेले कोंब, फुटलेच नाहीत,
एकमेकांना कोपरं मारत आतच राहिले.
याचे बंदुकीचे दस्ते होतात, पेनं होतात,
राजवाड्यातल्या मोटारींना चाकापुढच्या फळ्या होत्या.
एक बाबांनी बसवली होती.
मोटारीत बस असं त्यांना कुणी म्हटलं नाही,
हे ते हसत सांगायचे.

फणसे डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा वीज गेलेली.
सयाजी हॉस्पिटलात पस्तीस वर्षं
लोकांच्या गाठी पापुद्र्याएवढ्या कापून
काचेवर ठेवून पाहिल्या त्यांनी.
काखेत पितळी सूक्ष्मदर्शक, जुन्या साडीत गुंडाळलेला.
"याला पेटी कर. सागाची, साधी."
मग टेबलावर नजर गेली.
चष्मा कपाळावर सारून वाकल्या,
वाकलेल्याच राहिल्या.
एका डोळ्यावर बोट टेकवून म्हणाल्या,
"वाट चुकल्यात सगळ्या. पण सौम्य आहे."

मी म्हणालो, बाई, झाडाला जखम होते
आणि त्यातून हे असं सुंदर...
"झाडाला विचारलंस?"
मी गप्प.
"काचेखाली सुंदरच दिसायच्या. जांभळ्या, गुलाबी.
बाहेर बाकावर बसलेल्यांना
मी ते कधी सांगितलं नाही."

ग्लिसरीनच्या पाण्यात भिजवून
दोन फळ्यांमध्ये दाबला पापुद्रा, वर इन्व्हर्टरची बॅटरी.
तिसऱ्या दिवशी सपाट झाला, पण नाराजीनं.
भोकं लाखेनं बुजवली.
दारावरच जोडपान होतं:
एकाच गाठीचे लागोपाठचे दोन काप,
पुस्तक उघडावं तसे शेजारी.
मध्ये इरफानला घुबड दिसलं.
मला काहीच दिसेना, मग दिसलं, मग जाईना.

चपड्याचे अकरा हात दिले.
झाकणावर ठेवून दाखवलं,
उन्हाला तिरकं धरलं की आत काहीतरी हलायचं.

"वर नको," बाई म्हणाल्या.
"वर साग.
ही आतून लाव."

आतून लावली.
झाकण मिटलं की साधी पेटी, शाळेतल्या कंपासाची मोठी बहीण.
मजुरीतले दोनशे त्यांनी कमी केले
आणि रिक्षात पेटी मांडीवर घेतली,
पायाशी नाही.